छपराच्या आठ गाठी

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात पाणी पुष्कळ आहे आणि पाण्यातलं मला काही कळत नाही. सेनगावात बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला माझं ताडपत्रीचं दुकान आहे. आजोबा निजामाच्या काळात साहेबलोकांचे तंबू आणि कनाती शिवायचे, अब्बांनी ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या, आणि मी सोयाबीनचे ढीग, वाळत घातलेली हळद आणि काळ्यापिवळ्या जीपांची टपं झाकतो. तीन पिढ्या आम्ही लोकांच्या वस्तू पावसापासून झाकत आलो. दुकानाचं छत मात्र दर पावसाळ्यात गळतं, आणि शेजारचा पंक्चरवाला त्यावरून मला टोमणे मारतो.

आमच्या धंद्यात इज्जत एकाच गोष्टीची. बांधलेली ताडपत्री उडता कामा नये. शिवण उसवली तर गिऱ्हाईक कुरकुर करतं, पण परत येतं. ताडपत्री उडून हळद भिजली तर ते परत येत नाही, वर चार गावांत बोभाटा करतं. म्हणून अब्बांनी माझ्या हातात दाभण देण्याआधी दोरी दिली. दोरीचे दोन वेढे घ्यायचे, वरून अढी मारायची, टोक आत खोचायचं, त्यावर पाणी शिंपडायचं आणि पाय रोवून ओढायचं. ही निरगाठ. काथ्याची दोरी भिजली की ती अशी आवळते की नंतर विळ्यानं कापावी लागते. टोक ओढलं की सुटणारी सुरगाठ अब्बांना बघवायची नाही. "नाडा बांधना है तो घर में बांध," असं ते म्हणायचे. मी तीस वर्षं हेच धरून चाललो.

माझा एक दोस्त होता. म्हणजे अजून आहे, जिवंत आहे, पण माझ्या तोंडात हल्ली 'होता' असंच येतं. तो भोई, धरणाच्या पाण्याकाठी वस्तीवर राहणारा. सेनगावजवळच्या गोरेगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. सातवीनंतर त्यानं शाळा सोडली आणि बापाबरोबर होडीत बसायला लागला. मध्ये दोन हंगाम कोकणात जाऊन एका मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून राहिला आणि येताना तिकडचे शब्द घेऊन आला. बाजाराच्या दिवशी मासे विकून झाले की दुकानात येऊन कापडाच्या थानावर बसायचा आणि मला शिकवायचा. होडीचं पुढचं टोक म्हणजे नाळ, बोटीवरचा मुख्य तो तांडेल, वारा धरायला उभं करतात ते शीड. आमच्या धरणात शीड कोण लावतो? तेरा फुटांची होडी आणि एक वल्हं, संपला कारभार. पण त्याला त्या शब्दांची भारी हौस. मग मीही त्याला तांडेल म्हणायला लागलो.

"काय तांडेल, आज किती जहाजं लुटली?"

"दोन राहू आन एक मरळ. तुह्यासाठी वाम काढून ठेवली हाय, घरी घेऊन जाय. न्हाईतर भाभी म्हणतीन, दोस्त भोई असून घरात भाजी बटाट्याची."

तो बसल्या बसल्या माझ्या दोऱ्यांशी खेळायचा. माझी निरगाठही त्यानं तिथंच शिकून घेतली होती. त्याचे हात हुशार होते.

धरणावर मासे धरायचे तर नवरा-बायकोची जोडी लागते. नवरा पुढं उभा राहून जाळं सोडतो, बायको मागं बसून होडी चालवते. होडी सरळ गेली तर जाळं सरळ पडतं. "जाळं माझं, पण मासे तिचे," असं तो सगळ्यांदेखत म्हणायचा आणि वैनी पदर तोंडाला लावून हसायच्या. मागच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला वैनींना ऊन लागलं. भर पाण्यात, हातात वल्हं असताना चक्कर आली. दोन दिवस सेनगावच्या दवाखान्यात सलाईनवर होत्या. तिसऱ्या दिवशी दोस्त दुकानात आला, या वेळी थानावर बसला नाही.

"होडीले छप्पर करून दे," म्हणाला. "कोकणात पाहिलं व्हतं मी, बोटीवर कापडाचं छत असते. तिले सावली पायजे. मी उन्हात मरत न्हाई, ती मरून राहिली."

मी छप्पर केलं. आयुष्यात इतक्या मनापासून दुसरं काही शिवलं नसेल. चांगल्या जाड कॅनव्हासला दुहेरी शिवण घातली, कडेला पितळी रिंगा ठोकल्या, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. आजोबांची आठवण म्हणून तंबूला असते तशी झालरसुद्धा लावली. त्यानं बांबूच्या कामट्या वाकवून होडीवर चार कमानी उभ्या केल्या, वरून कापड टाकलं आणि आठही ठिकाणी होडीच्या काठाला दोरीनं बांधलं. झालर पाहून म्हणाला, "हे काय, होडीचं लगन लावतो का?" वैनी आत जाऊन बसल्या, हातानं कापड चाचपून पाहिलं आणि "लई गार वाटून राहिलं भावजी," एवढंच बोलल्या. त्यांची लेक त्या वेळी दहावीची परीक्षा देऊन घरीच होती. तिनं मोबाईलवर आमचा सगळ्यांचा फोटो काढला. पोरगी नाकानं बापावर गेलेली, आणि बोलायलाही तशीच फटकळ.

महिनाभरानं मी एका गिऱ्हाइकाची ताडपत्री पोचवायला त्या बाजूला गेलो होतो. मोटारसायकल वस्तीवर वळवली. दोस्त मासे घेऊन बाजाराला गेलेला, लेक मैत्रिणीकडं. वैनी काठावर भांडी घासत होत्या. होडी खुंट्याला बांधलेली होती आणि माझं छप्पर वाऱ्यावर फडफडत होतं. मी जवळ जाऊन पाहिलं तर आठही गाठी सुरगाठी! टोकं लोंबत होती. माझं डोकंच फिरलं. इतकं मरमरून शिवून दिलेलं कापड, आणि हा गडी ते पायजम्याच्या नाड्यासारखं बांधतो? उद्या कोणी विचारलं हे कोणी केलं, तर नाव माझं निघणार.

मी दोऱ्या सोडायला लागलो. वैनींनी पाहिलं आणि तिथूनच म्हणाल्या, "राहू द्या भावजी, त्याहिनं मुद्दाम तसं बांधेल हाय. त्याह्यले तसंच लागते."

"वैनी, तुमचा नवरा तांडेल असंल पाण्यातला. कापड माझं हाय," मी म्हणालो.

एकेक गाठ घेतली. दोन वेढे, अढी, टोक आत. ओंजळीनं धरणाचं पाणी घेऊन गाठींवर टाकलं आणि होडीच्या काठाला पाय लावून ओढलं. दुरून पाहिलं तर कळू नये म्हणून उरलेली टोकं पहिल्यासारखीच लोंबती ठेवली. ही माझी हुशारी. आणि वर थट्टा म्हणून वैनींना सांगितलं, "त्याला सांगू नका मी बांधलं म्हणून. बघू, तांडेलाला कळतं का." त्या हसल्या. "न्हाई सांगत," म्हणाल्या. मला चहा करून दिला. मी चहा पिऊन निघालो. जाताना मागं वळून पाहिलं, छप्पर ताठ उभं होतं, एक सुरकुती नव्हती. मी खूश झालो. हे लिहिताना मला माझ्या त्या खुशीची किळस येते.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर अवकाळी वादळ आलं. सेनगावात आमच्या रस्त्यावरचे दोन पत्रे उडाले आणि मी दुकानात बसून म्हणालो की ज्यांच्या ताडपत्र्या माझ्याकडच्या आहेत त्यांना काळजी नाही. संध्याकाळी पंक्चरवाल्याच्या फोनवर बातमी आली. होडी उलटली, बाई गेली.

तिसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेलो तेव्हा मला अजून काही कळलेलं नव्हतं. खरं सांगतो, तोवर माझ्या मनात गाठींचा विचारही आला नव्हता. वादळ आलं, होडी उलटली, नशीब, असंच मी समजत होतो. दोस्त भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून तो रडला नाही, सांगायला लागला.

"वारा आडवा आला. आता छप्पर म्हणजे काय, वारा भरला की शीडच ते. कोकणात तांडेलानं मले पहिल्या दिशी शिकवलं व्हतं, छताले सुरगाठ मारायची. वारा आला की एका बाजूची टोकं ओढायची, कापड मोकळं होते, वारा निघून जाते, होडी वाचते. म्या टोक ओढलं. सुटलंच न्हाई. दुसरं ओढलं. जितकं ओढलं तितकी आवळली. तिसऱ्याले हात घातला आन होडी गेली."

मी उभा होतो तो खाली बसलो.

"तिले पवता येत व्हतं रे," तो म्हणाला. "माह्यापेक्षा बरं पवायची. पण वर आली तं डोक्यावर कापड. जिकडं जाईन तिकडं कापड. दुसऱ्या होडीवाल्यायनं विळ्यानं दोऱ्या कापल्या तवा निघाली."

मग तो स्वतःच्या हातांकडं पाहून म्हणाला, "म्याच मारल्या असतीन निरगाठी. आदल्या रोजी दोऱ्या पुन्हा बांधल्या, बाजाराची घाई व्हती. तुह्या दुकानात बसून बसून हाताले सवय लागली. ध्यान न्हाई राहिलं."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्यानं दोष स्वतःवर घेतला हे ऐकून माझ्या छातीत काहीतरी हलकं झालं. मला बरं वाटलं. दोस्ताची बायको माझ्या हातानं मेली होती, तो ते स्वतःच्या नावावर घेत होता आणि मला बरं वाटलं. माणूस किती हलका असू शकतो ते मला त्या दिवशी कळलं, आणि तो माणूस मीच होतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असं मनाला लावून घेऊ नको," म्हणालो.

वैनींचे भाऊ वसमतला हळदीच्या अडतीवर हमाली करतात. दहाव्याला ते आले होते. होडीच्या काठावर कापलेल्या दोऱ्या आणि गाठी तशाच होत्या, त्यांनी त्या पाहिल्या. होडीच्या छताला निरगाठ चालत नाही, भोयाच्या पोरांना एवढं कळतं. "पिऊन बांधल्या असतीन," थोरला भाऊ सगळ्यांसमोर बोलला. दोस्त आयुष्यात प्यायलेला नाही. पण त्यानं मान खाली घातली आणि "माह्याच हातून झालं," एवढंच म्हणाला. त्याच संध्याकाळी मामांनी पोरीला वसमतला नेलं. जाताना तिनं बापाकडं पाहिलं नाही. मी तिथंच, चार पावलांवर उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

नंतर एकेक दिवस जड होत गेला. आज सांगीन म्हणायचं, आणि आज सांगितलं तर काल का नाही सांगितलं, याचं उत्तर नसायचं. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "जाको बोल दो ना. रोज नमाज पढते, बोल दो." त्यानंतरही मी कित्येक महिने काढले. दोस्तानं होडी सोडली. तो काठावर बसून दुसऱ्यांची फाटकी जाळी विणून देतो, पाण्याला पाय लावत नाही. पोरीनं अकरावीला वसमतच्या कॉलेजात नाव घातलं. बाप फोन करायचा, ती घ्यायची नाही. बाजाराच्या दिवशी तो दुकानात येऊन बसायचा, आणि मी त्याला चहा पाजायचो.

यंदा उन्हाळा लागला तसं माझं जगणं अवघड झालं. एका सकाळी दुकान बंद ठेवून वस्तीवर गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. मी आलो होतो, तो बाजाराला गेला होता, वैनी नको म्हणाल्या, मी ऐकलं नाही, त्यांना सांगू नका म्हणालो. काही लपवलं नाही. तो जाळं विणायचा थांबला नाही, ऐकत राहिला. माझं संपल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तू मनाचा लई मोठा हायेस रे," तो म्हणाला.

मला कळेना तो काय बोलतोय.

"माहं वझं कमी करायले आला. पण असं खोटं नको घेऊ अंगावर. अल्लाच्या घरी काय सांगशीन?"

मी शपथा घेतल्या. अंगणातली दोरी उचलली, खांबाला तीच गाठ मारून दाखवली. "बघ, ही माझी गाठ. ही मी मारली होती."

त्यानं माझ्या हातातून दोरी घेतली आणि शेजारी दुसरी गाठ मारली. दोन्हींत काडीचा फरक नव्हता. "मलेबी येते," तो म्हणाला. "तूच तं शिकवली." मग म्हणाला, "तू येऊन गेला असता तं ती सांगती न. ती कवाच काही लपवत नव्हती माह्यापासून."

शब्द पाळला होता वैनींनी. माझ्यासाठी, माझ्या थट्टेसाठी.

एकच वाट उरली. पोरीला सांगायचं. तिला पटलं तर ती बापाकडं येईल, मग मला दोघांनी जन्मभर शिव्या घातल्या तरी चालतील. मी दोस्ताला एवढंच सांगितलं की कामानं वसमतला चाललोय. तो घाईनं आत गेला आणि सुकवलेल्या झिंग्यांची एक पिशवी घेऊन आला. "तिले लई आवडते," म्हणाला. "घेतली तं घेतली. आन सुट्टीत येते का विचारजो. मामाजवळ म्हणली व्हती म्हणे, येईन म्हणून. मामीचा फोन आलता." एवढ्या महिन्यांत त्याचा चेहरा मी पहिल्यांदा उघडलेला पाहिला.

हिंगोलीला एसटी बदलून मी वसमतला पोचलो. मामा कामावर होते. मामीनं पाणी दिलं. पोरगी आतून आली, वर्षात मोठी झाली होती, बोलणं कमी झालं होतं. मी पिशवी पुढं ठेवली. पप्पांनी दिलीय म्हणालो. मग तिलाही सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता. या वेळी मी रडलो. ती माझ्याकडं नाही, पिशवीकडं पाहत होती.

"चाचा, पप्पांनी पाठवलं ना तुम्हाला?"

"नाही बेटा. पिशवी फक्त त्यानं दिली. त्याला तर माहीतसुद्धा नाही मी हे तुला सांगणार ते. त्याला सांगितलं तर त्याचाच विश्वास बसला नाही."

"मंग माझा कसा बसंल?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सगळ्यांनी गाठी पाहिल्या तवा तुमी तिथंच व्हता. मी पाहिलं व्हतं तुमाला. आता वर्षानं तुमाला आठवलं?"

मी डोळे पुसले.

"मी या सुट्टीत जाणार व्हते घरी," ती म्हणाली. "चूक व्हती माणसाची, घाईत व्हती. मी मामाला तसं सांगितलं बी. पण स्वतःची चूक दोस्ताच्या गळ्यात बांधून लेकीला बोलवायचं, हे मला न्हाई पटलं. आता मी न्हाई येत. कधीच न्हाई येत, सांगा त्यांना." तिनं पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि आत निघून गेली. मामीनं चहा टाकला होता, तो तसाच राहिला.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. औंढ्याच्या अलीकडं फोन वाजला. त्याचाच होता. दोनदा वाजू दिला, तिसऱ्यांदा घेतला.

"भेटली का रे?" त्यानं विचारलं. मागं वस्तीवरची कोंबडी ओरडत होती. "काय म्हणली? कधी येते?"

"परीक्षा आहे तिची," मी म्हणालो. "संपली की येते म्हणाली."

"आन झिंगे घेतले?"

"घेतले," मी म्हणालो. पिशवी माझ्या मांडीवर होती.